फरसाणाचं पाकीट आणि केमिकल रिसायकलिंग: थांबावं, की पाकीटच बदलावं?

मृण्मयी_न (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या फरसाणाच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाची रचना अशी आहे: बाहेर १२ मायक्रॉन पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), आतल्या बाजूनं छपाई; मधे १२ मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे अॅल्युमिनिअमचा पातळ मुलामा दिलेलं पेट; आत ५० मायक्रॉन पॉलिथिन. थर पॉलियुरेथेनच्या गोंदानं जोडलेले. माल कुरकुरीत राहतो, पाकीट मशीनवर छान पळतं. अडचण वापरून झाल्यावरची. भंगारात दुधाची पिशवी विकली जाते, बाटली विकली जाते, या पाकिटाला कुणी हात लावत नाही.

फिल्म विकणारे म्हणतात, "रचना बदलू नका. केमिकल रिसायकलिंग येतंय, त्यात सगळं चालतं." म्हणजे प्लास्टिकचे रेणू तोडून पुन्हा कच्चा माल करायचा. दुसरा सल्ला आहे की सगळे थर एकाच प्लास्टिकचे करा. माझा कल आज तरी पहिल्याकडे आहे, कारण रचना बदलली की सीलिंगपासून टिकाऊपणापर्यंत सगळं नव्यानं तपासावं लागतं. पण "सगळं चालतं" हे खरं आहे का? या पाकिटाचं पुन्हा पाकीट होतं का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

रेणूशास्त्री

"सगळं चालतं" हे खरं नाही. केमिकल रिसायकलिंग या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

पेटच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टरची गाठ असते. मिथेनॉल, ग्लायकॉल किंवा पाणी वापरून ती गाठ सोडवता येते आणि मूळ घटक परत मिळतात. नायलॉन ६ चंही तसंच, कॅप्रोलॅक्टम परत मिळतं. हा झाला डिपॉलिमरायझेशनचा रस्ता.

पॉलिथिन आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) यांना गाठच नाही, नुसता कार्बनचा अखंड दोर आहे. तो ४०० ते ५५० अंश सेल्सिअसला, हवेशिवाय तापवून तोडावा लागतो आणि तो हवा तिथं तुटत नाही. म्हणून त्यातून इथिलीन परत येत नाही. गॅस, नाफ्थ्यासारखं हलकं तेल, डिझेलसारखं तेल आणि मेण यांचं मिश्रण येतं. हे पायरोलिसिस. पॉलिस्टायरिन आणि अॅक्रिलिक याला अपवाद आहेत. ते तापवल्यावर बऱ्याच अंशी आपल्या मोनोमरमध्ये, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्यांमध्ये उलगडतात, अॅक्रिलिक तर ९० टक्क्यांच्या वर.

तिसरा रस्ता गॅसिफिकेशनचा. जपानमध्ये कावासाकीला २००३ पासून प्लास्टिकचा गॅस करून त्यातल्या हायड्रोजनपासून अमोनिया बनवतात. पक्की, चालणारी गोष्ट आहे, पण त्यातून पाकीट परत येत नाही.

तुमच्या पाकिटात पहिल्या रस्त्याचं आणि दुसऱ्या रस्त्याचं प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेलं आहे. दोन्ही रस्ते त्यामुळेच अडतात.

खारीशंकरपाळी

गाठ आणि दोर! शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर! वाचतेय.

लॅमिनेटर

ताई, तुमच्या पाकिटाचं वजन मांडून दाखवतो, म्हणजे रेणूशास्त्रींचा मुद्दा डोळ्यांसमोर येईल.

पेटची घनता १.४. १२ मायक्रॉनला चौरस मीटरमागे १६.८ ग्रॅम, दोन थरांचे ३३.६. पॉलिथिन ५० गुणिले ०.९२ म्हणजे ४६. शाई आणि गोंद मिळून ५ ग्रॅमच्या आसपास. एकूण ८५. त्यात पेट ४० टक्के, पॉलिथिन ५४ टक्के.

मेटलाइज्ड थरातल्या अॅल्युमिनिअमचा बाऊ करू नका. तो थर ४० नॅनोमीटरच्या घरात असतो, चौरस मीटरला ०.१ ग्रॅम. ७ मायक्रॉनची खरी फॉइल घातली असती तर तेच १९ ग्रॅम भरलं असतं. लोक चकाकी बघून दोन्हींना एकाच मापानं मोजतात. इथं खरा अडसर आहे तो पेटचा.

भट्टीवाला

लॅमिनेटरभाऊंच्या ४० टक्के पेटचं भट्टीत काय होतं ते सांगतो.

पेटच्या वजनातला तिसरा हिस्सा ऑक्सिजन आहे. म्हणजे १०० किलो पाकिटं घातली की १३ किलो नुसता ऑक्सिजन आत गेला. तेल करायचं तर हवा कार्बन आणि हायड्रोजन. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड होऊन कार्बनही सोबत घेऊन जातो, म्हणजे तेल घटतं. त्याहून वाईट म्हणजे पेटमधून टेरेफ्थॅलिक आणि बेन्झोइक आम्ल निघतं. ही दोन्ही वाफ होऊन वर चढतात आणि थंड पत्रा दिसला की द्रव न होता सरळ घट्ट होतात. कंडेन्सरचा (वाफ थंड करणाऱ्या नळीचा) जोड उघडला की नळीच्या तोंडाशी पिवळसर पांढऱ्या सुयांचा थर दिसतो, कोरड्या खरजेसारखा. नखानं टोकरला तर भुगा होतो, पण नळीत आतवर बसला की सळई घालून फोडावा लागतो. नळी बारीक होत जाते, मागे दाब चढतो, आणि पाण्याच्या सीलमधून गॅस बाहेर पडायला लागला की भट्टी विझवण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून पायरोलिसिसचे चांगले कारखाने पेट नको म्हणतात. त्यांना हवं पॉलिथिन आणि पीपी, तेही कोरडं.

अभ्या_रसायनी

भट्टीवाला काका, एका बॅचची कृती पायरीपायरीनं सांगाल का? आकड्यांसकट हवी आहे.

भट्टीवाला

सांगतो. हे आपल्याकडच्या साध्या बॅच रिअॅक्टरबद्दल.

माल फाडून, धुऊन, वाळवून दाबून भरायचा. सुटी फिल्म भरली तर रिअॅक्टर भरलेला दिसतो आणि आत वजन काहीच नसतं. दार बंद करून नायट्रोजन सोडायचा, आतली हवा पूर्ण बाहेर जाईपर्यंत. ही पायरी वाचवणारे लोक आगीला आमंत्रण देतात. मग हळूहळू तापवायचं. १०० ते १५० ला उरलेलं पाणी निघतं, ते वेगळ्या वाटेनं काढायचं. २५० ते ३२० च्या पट्ट्यात थांबायचं, कारण पीव्हीसी असेल तर त्याचा हायड्रोजन क्लोराइड इथं सुटतो. तो चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढायचा. मग ४०० च्या वर. तेल इथून यायला लागतं.

पहिला कंडेन्सर ८० ते १०० अंशांवर ठेवायचा. नवखे लोक सगळीकडे गार पाणी सोडतात आणि पॉलिथिनचं मेण तिथंच गोठून बसतं. मेण गरम कंडेन्सरमध्ये उतरवायचं, ते परत रिअॅक्टरमध्ये सोडलं तर आणखी तुटून हलकं होतं. गार पाणी दुसऱ्या कंडेन्सरला.

स्वच्छ पॉलिथिन-पीपी असेल तर वजनाच्या ६५ ते ८० टक्के तेल आणि मेण, १० ते २० टक्के गॅस, बाकी काजळी. गॅस बर्नरला जाळून रिअॅक्टर तापवतात. शेवटी दार उघडण्याआधी रिअॅक्टर पुरता गार व्हायला हवा. गरम काजळीला हवा लागली की ती पेटते, आणि आत वाफ उरली असेल तर भडका उडतो. माणसं भाजण्याचे प्रसंग बहुधा याच क्षणी होतात.

सांगलीकर

म्हणजे १०० किलो पिशव्यांतून ७५ किलो तेल आणि तेलातून ७५ किलो नव्या पिशव्या. हे तर फार छान झालं की.

रेणूशास्त्री

सांगलीकर, इथंच बहुतेकांची गफलत होते. तेलापासून थेट पिशवी होत नाही. आधी ते ८०० ते ८५० अंशांच्या स्टीम क्रॅकरमध्ये, म्हणजे वाफेबरोबर तापवून तेलाचे रेणू तोडणाऱ्या भट्टीत जातं. नाफ्था क्रॅक केला की ढोबळमानानं ३० टक्के इथिलीन आणि १५ टक्के प्रॉपिलीन मिळतं. सगळं ७५ किलो तेल क्रॅकरला चाललं असं धरलं तरी ७५ गुणिले ०.४५, म्हणजे ३४ किलो. बाकीचं वाया जात नाही, ब्युटाडाइन, बेन्झिन वगैरे होतं, इंधन होतं. पण पिशवीतून पिशवी म्हणाल तर साधारण तिसरा हिस्सा.

याउलट धुतलेली, वाळवलेली एकाच जातीची फिल्म एक्स्ट्रूडरमधून (वितळवून दाणे पाडणाऱ्या मशीनमधून) काढली तर जाळीवर अडकलेला गाळ सोडून जवळपास सगळं वजन दाण्यात उतरतं. खर्चही कितीतरी कमी. जिथं दाणा होऊ शकतो तिथं तेल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

लॅमिनेटर

दाण्याला मर्यादा आहे. छापलेल्या फिल्मचा दाणा हिरवट-राखाडी येतो, वास राहतो. त्याची कचऱ्याची पिशवी होते, ताडपत्री होते, ठिबकचा पाइप होतो. खाण्याच्या वस्तूला लागणारी फिल्म त्यातून होत नाही. तेलातून आलेलं पॉलिथिन मात्र नव्यासारखंच असतं, रेणूला आपला आधीचा जन्म आठवत नाही. केमिकलची खरी ताकद हीच, ती नाकारू नका.

रेणूशास्त्री

मान्य, शंभर टक्के. माझा आक्षेप क्रमाबद्दल आहे.

वर्गीकरण

या चर्चेत निवडणाऱ्या बाईच्या हाताचं काम कुणीच धरलं नाही, म्हणून लिहितो. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक घरोघरचा कचरा उचलतात आणि हातानं जाती वेगळ्या करतात. हाताला आणि कानाला कळतं ते असं: पीपीची फिल्म चुरगाळली की कडक आवाज येतो, पॉलिथिन मऊ राहतं आणि ओढलं की ताणतं. पण पेट-पॉलिथिन आणि पीपी-पीपी ही दोन्ही चकाकती पाकिटं हातात सारखीच. कडेला फाडून थर सुटतात का बघितलं तर अंदाज येतो, मात्र एका किलोत शेकडो पाकिटं असतात. दिवसाला किती फाडणार?

मशीननं निवडायचं तर अवरक्त किरणांचा सेन्सर लागतो. तो वरचा थर नीट ओळखतो, पातळ थरांच्या जोडीत गोंधळतो, आणि काजळी घातलेलं काळं प्लास्टिक त्याला दिसतच नाही.

पाण्याची टाकी मात्र फसवत नाही. पीपी आणि पॉलिथिन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. तुमचं आताचं पाकीट? ३३.६ अधिक ४६ ग्रॅमला जाडी ७४ मायक्रॉन, घनता निघते १.०८. बुडेल, आणि जाताना आपल्याबरोबर ५४ टक्के चांगलं पॉलिथिन घेऊन बुडेल.

मृण्मयी_न

हा १.०८ चा आकडा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मनापासून आभार.

पीव्हीसीबद्दल विचारायचं होतं. पाकिटात पीव्हीसी नाहीच, मग क्लोरीनची काळजी आम्हाला का?

भट्टीवाला

कारण गठ्ठ्यात तुमचं पाकीट एकटं नसतं. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या येतात, बाटल्यांची आकसणारी लेबलं येतात, फुलांच्या प्लास्टिकच्या माळा येतात. हिशेब करा: एक टन मालात १ टक्का पीव्हीसी, म्हणजे १० किलो. त्यात ५७ टक्के क्लोरीन. ५.७ किलो, म्हणजे ५७०० पीपीएम (दहा लाख भागांत ५७००). क्रॅकरवाले तेलात क्लोरीन मागतात १० पीपीएमच्या आत, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल त्यांच्या नळ्या खातं. त्या एक टक्क्यातून पावणेसहा किलोच्या वर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो धरायला गणितानं सहा किलो विरवलेला चुना लागतो, प्रत्यक्षात दुप्पट घालावा लागतो.

आणि ताई, पीव्हीडीसी या पीव्हीसीच्या भावंडाचा लेप दिलेली बीओपीपी (दोन्ही दिशांनी ताणलेली पीपी) फिल्म बाजारात आहे. ओलावा छान अडवते, पण पीव्हीडीसीत ७३ टक्के क्लोरीन असतो. पुरवठादाराला "लेप कशाचा?" हे लेखी विचारा.

तिसरी गोष्ट फरसाणवाल्यांच्या घरची आहे. मीठ. रिकाम्या पाकिटाला तेलात चिकटलेलं मीठ राहतं. सोडिअम आणि क्लोरीन दोन्ही क्रॅकरला नकोत. मीठ पाण्यात विरघळतं, पण तेलाखाली दडलेलं नुसत्या गार पाण्यानं निघत नाही, गरम पाणी आणि साबण किंवा कॉस्टिक लागतं.

अभ्या_रसायनी

पाकिटात क्लोरीन आहे का हे साध्या साधनांनी तपासता येतं का?

रेणूशास्त्री

येतं. तांब्याची जाड तार घ्या, निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीला रंग यायचा थांबला की तार स्वच्छ. गरम तार फिल्मला टेकवा, थोडं वितळून चिकटेल. परत ज्योतीत धरा. गडद हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे. पाकीट आधी धुऊन घ्या, उगाच शंका नको. उघड्यावर करा, तुकडा नखाएवढाच घ्या, धूर हुंगू नका.

सांगलीकर

आणि नायट्रोजन? गोंद पॉलियुरेथेनचा आहे असं धाग्यातच लिहिलंय.

भट्टीवाला

बरोबर पकडलंत. पॉलियुरेथेन गोंद, नायट्रोसेल्युलोजची शाई, नायलॉनचा थर, या तिन्हींतून नायट्रोजन येतो आणि त्यातला काही अमोनिया होऊन निघतो. भट्टीत एकीकडे अमोनिया आणि दुसरीकडे हायड्रोजन क्लोराइड असला की गार जागी अमोनियम क्लोराइड जमतं. म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर! कल्हई करताना जो पांढरा धूर उठतो तोच इथं नळीत पांढरा मीठथर होऊन बसतो, वर ओल लागली की पोलाद खातो. हा गरम पाण्यानं धुतला जातो, पेटचा बेन्झोइकचा थर तितक्या सहज जात नाही. दोन्ही पांढरे दिसतात म्हणून लोक चुकीचा उपाय करत बसतात.

खारीशंकरपाळी

एक बाळबोध प्रश्न. हे सगळं जाऊ दे, प्लास्टिक डांबरात घालून रस्ते करतात ना? तिथं टाका की पाकिटं.

वर्गीकरण

घालतात. भारतीय रस्ते काँग्रेसची त्यासाठी २०१३ ची मार्गदर्शिका आहे, डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. गरम खडीवर फिल्मचा चुरा टाकला की तो वितळून खडीला लेप बसतो, मग डांबर. पण त्यात पॉलिथिन आणि पीपीच चांगलं, पेट खडीच्या तापमानाला वितळत नाही आणि पीव्हीसी चालत नाही. म्हणजे तिथंही हेच पाकीट अडतं. शिवाय ते प्लास्टिक परत कधी मिळत नाही.

हिशेबनीस

तोच धागा पकडून नियमांचं बोलतो, कारण पैसे इथं आहेत.

२०२२ च्या सुधारित प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत रस्ता, सिमेंट भट्टी, कचऱ्यातून वीज आणि कचऱ्यातून तेल हे सगळं 'शेवटची विल्हेवाट' या खान्यात आहे, रिसायकलिंगच्या नाही. तेव्हा कुणी सांगितलं की "आम्ही तुमच्या पाकिटाचं फर्नेस ऑइल करतो, तुमचं रिसायकलिंग झालं", तर दोन्ही एक नव्हेत.

दुसरं, कडक डबे-बाटल्या पहिल्या वर्गात, तुमच्यासारखी निव्वळ प्लास्टिकच्या थरांची लवचिक पाकिटं दुसऱ्या वर्गात, कागद किंवा अॅल्युमिनिअम फॉइल यांसारखा प्लास्टिक नसलेला थर असेल तर तिसऱ्यात. नव्या पॅकिंगमध्ये रिसायकल केलेलं प्लास्टिक किती हवं तेही ठरवून दिलंय: पहिल्या वर्गाला २०२५-२६ मध्ये ३० टक्के, पुढे वाढत २०२८-२९ ला ६०, दुसऱ्याला १० वरून २०, तिसऱ्याला ५ वरून १०. खाण्याच्या लवचिक पाकिटाला हे १० टक्के आणायचे कुठून, हा प्रश्न सगळ्यांपुढे आहे. लॅमिनेटर म्हणाले तसं दाण्यातून ते येत नाहीत. केमिकलला पॅकिंगमध्ये खरी मागणी इथून निघते.

लॅमिनेटर

पण हिशेबनीस, ते १० टक्के पाकिटात असतात का खरोखर? 'मास बॅलन्स' या शब्दाचा मला राग येतो. क्रॅकरमध्ये ९७ भाग खनिज नाफ्था, ३ भाग पायरोलिसिस तेल, आणि शेवटी एका ग्राहकाच्या गोणीवर शिक्का "१०० टक्के रिसायकल्ड". गिऱ्हाइकाची ही फसवणूक आहे.

हिशेबनीस

राग समजतो, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. तीन टक्केच का? कारण पायरोलिसिस तेलात ओलेफिन (चटकन क्रिया करणारे हायड्रोकार्बन) जास्त, क्लोरीन, नायट्रोजन, सिलिकॉन; जास्त घातलं तर भट्टीत कोक (कार्बनचा घट्ट थर) साचतो. आधी हायड्रोजननं शुद्ध केलं तर प्रमाण वाढवता येतं, पण खर्चही वाढतो. आता एकदा मिसळल्यावर कोणता रेणू कुठं गेला हे कुणालाच सांगता येत नाही. डेअरीत दहा गावांचं दूध एका टाकीत गेल्यावर एका गावाचं दूध वेगळं काढता येत नाही, तसंच. म्हणून खातेवही: ३ टन आत आले तर घट वजा करून तेवढाच माल 'रिसायकल्ड' म्हणून विकायचा, एक किलोही जास्त नाही. आयएससीसी प्लस या प्रमाणपत्राचे तपासनीस ही वही बघतात. रिलायन्सनं जामनगरहून असे प्रमाणित पॉलिमर काढले, पहिली खेप २०२४ च्या सुरुवातीला गेली.

खरा वाद पुढचा आहे: क्रॅकरमध्ये इंधन होऊन जळलेला हिस्सा 'रिसायकल' म्हणून प्लास्टिकच्या खात्यावर मांडायचा का? मांडला तर आकडा फुगतो. मी म्हणेन, मांडू नये.

लॅमिनेटर

इंधन वगळलं तर माझा विरोध बराच कमी होतो. तरी पाकिटावर "यात रिसायकल्ड प्लास्टिक आहे" असं छापू नये, "खातेवहीनुसार" हा शब्द हवाच.

हिशेबनीस

+१

ऱ्हाइनकाठचा

थोडा इतिहास. जर्मनीत हे सगळं एकदा होऊन गेलंय. लुडविग्सहाफेनला बीएएसएफचा वर्षाला १५,००० टनांचा प्रायोगिक पायरोलिसिस प्रकल्प १९९४ ला सुरू होऊन १९९६ ला थांबला. बॉट्रॉपला कोळशापासून तेल करण्याच्या जुन्या कारखान्यात हायड्रोजनखाली प्लास्टिकचं तेल करत, तेही १९९९ ला बंद. रसायनशास्त्र दोन्हीकडे चालत होतं. निवडलेला माल पुरेसा आणि परवडेल अशा दरात मिळेना, आणि खनिज तेल स्वस्त होतं. इंडोनेशियात सिदोआर्जोला युनिलिव्हरनं शॅम्पूच्या पुड्यांतलं पॉलिथिन द्रावकात विरघळवून काढायचा प्रकल्प २०१८ ला उभारला. तोही थांबला, कारण बोटाएवढ्या पुड्या गोळा करून निवडणं परवडत नव्हतं. म्हणून मृण्मयीताई, "येतंय" या शब्दावर पाकिटाची रचना टांगून ठेवू नका.

रेणूशास्त्री

इतिहास बरोबर, पण तो पॉलिथिनच्या बाजूचा आहे. पेटची बाजू वेगळी आहे. अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्सपोर्टला ईस्टमन कंपनीचा मिथेनॉलिसिसचा (मिथेनॉलनं गाठ सोडवायचा) वर्षाला १,१०,००० टनांचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. आपल्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळ पॉलिजेंटा ही कंपनी ग्लायकॉलिसिसनं (ग्लायकॉलनं गाठ सोडवून) बाटल्यांचा पॉलिएस्टर धागा करते.

ग्लायकॉलिसिस असं: धुतलेले पेटचे तुकडे जास्तीच्या इथिलीन ग्लायकॉलमध्ये १८० ते २४० अंशांना, पेटच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का झिंक अॅसिटेट घालून. काही तासांत बीएचईटी, म्हणजे पेटचा मोनोमर होतो. गरम असतानाच गाळून शाई, कचरा वेगळा करायचा, थंड झाल्यावर स्फटिक धरतात. ते ११० अंशांच्या आसपास वितळतात. क्रियेत घाई केली तर अर्धवट तुटलेले तुकडे राहतात आणि गाळणी तुंबते. ग्लायकॉल फार वेळ तापवला तर डायइथिलीन ग्लायकॉल होतं, मग नव्या पेटचा वितळणबिंदू खाली येतो.

पेट चांगलं सुटतं ते गाठीमुळेच. १०० किलो पेट पाण्यानं सोडवलं तर १९ किलो पाणी घेऊन ८६ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ३२ किलो ग्लायकॉल मिळतं. तेलाच्या वाटेवरच्या ३४ किलोशी तुलना करा.

अभ्या_रसायनी

आणि ते पेट खाणारे जिवाणू? त्यांनी चिकटलेली पाकिटं सोडवता येतील का? आतलं पेट खाल्लं गेलं की पॉलिथिन मोकळं!

रेणूशास्त्री

कल्पना सुरेख आहे. जपानमधला *इडिओनेला साकाएन्सिस* २०१६ मध्ये जगापुढे आला. फ्रान्सच्या कार्बिओसनं मात्र दुसऱ्या कुळातलं एन्झाइम सुधारलं; २०२० च्या शोधनिबंधात ७२ अंशांना १० तासांत ९० टक्के पेट सुटल्याचं आहे. पण ते पेट आधी वितळवून, झटक्यात गार करून, बारीक दळलेलं होतं. बाटली किंवा तुमची फिल्म ताणून बनवलेली असते, रेणू ओळीत घट्ट बसलेले असतात, एन्झाइमला शिरकाव मिळत नाही. म्हणून थरांच्या मधे असलेलं पेट ते असं खाणार नाही.

आणखी एक. आम्ल सुटत जातं तसं कॉस्टिक घालावं लागतं: १०० किलो पेटमागे ४२ किलो. मग सल्फ्युरिकनं आम्ल परत काढलं की ७४ किलो सोडिअम सल्फेट गळ्यात पडतं. त्याचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं, एन्झाइमच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

सांगलीकर

अवांतर: मग बाटलीची बाटली करायला हे सगळं लागतंच का?

रेणूशास्त्री

नाही. स्वच्छ बाटली १.५ ते २ टक्के कॉस्टिकच्या ८० अंशांच्या पाण्यात धुऊन, ५० पीपीएम ओलाव्याच्या खाली वाळवून, दाणा करून, २०० ते २२० अंशांना घन अवस्थेत पुन्हा साखळी लांबवली की बाटलीच्या प्रतीचं पेट परत मिळतं. २०२२ पासून आपल्याकडे खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या अटींवर ते चालतं. केमिकल लागतं ते रंगीत पेट, ट्रे, कापड यांना.

मृण्मयी_न

मंडळी, मत बदललं. थांबत नाही. सगळं पीपीत आणायचा मसुदा देते, चुका काढा: बीओपीपी २० मायक्रॉन, मेटलाइज्ड बीओपीपी १८, आत सीपीपी (न ताणलेली पीपी) ३५. जाडी ७३, म्हणजे आताइतकीच. पण वजन ६६ ग्रॅम, वर शाई-गोंद ५. घनता एकच्या खाली, पाण्यावर तरंगेल. दाण्याला चालेल, आणि पायरोलिसिसला दिलं तरी ऑक्सिजन जवळजवळ नाही.

लॅमिनेटर

उत्तम, पण शाई-गोंद ७१ मध्ये ५ म्हणजे ७ टक्के झाले. दाणा करणारे ५ टक्क्यांच्या आत मागतात. तीन थर म्हणजे दोनदा गोंद. दोन थरांवर या: बाहेर बीओपीपी २०, आत मेटलाइज्ड सीपीपी ४०. वजन ५४. गोंद एकदाच, सॉल्व्हंटशिवायचा दीड ग्रॅम, शाई सव्वा ग्रॅमवर आणा. गडद पार्श्वभूमीची छपाई कमी करावी लागेल. पावणेतीन ग्रॅम, म्हणजे ४.८ टक्के. शाई पॉलियुरेथेन बाइंडरची घ्या. नायट्रोसेल्युलोज एक्स्ट्रूडरच्या तापमानाला कुजतं, दाणा तपकिरी होतो आणि वास मारतो.

मेटलाइज्ड सीपीपी ऑक्सिजन अडवायला मेटलाइज्ड बीओपीपीपेक्षा कमी पडते. खवटपणाची चाचणी दोन्हींची बरोबरीनं लावा, नायट्रोजन भरून.

आणि सीलिंग. पेट बाहेर असताना सील करणारा गरम जबडा १८० अंशांना ठेवला तरी चालतो. बीओपीपी १४० च्या वर आकसायला लागते. साधी सीपीपी १२० च्या आसपास चिकटायला लागते, म्हणजे हातात जेमतेम वीस अंश. १०५ ते ११० ला चिकटणारी सीपीपी मागवा, जबड्याचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तपासा, दोन टोकांत पाच अंशांपेक्षा फरक नको. वेग सुरुवातीला कमी ठेवा.

वर्गीकरण

आणि मागच्या बाजूला तळाशी त्रिकोणात '५' आणि खाली 'पीपी' ठळक छापा, निदान १० मिलिमीटर उंचीचं. शिवणीच्या पट्टीखाली जाऊ देऊ नका, तिथं कुणाला दिसत नाही. निवडणाऱ्या बायकांना एकदा सांगून ठेवलं की त्या आकड्यावरून वेगळा कट्टा भरतात. पीपी फिल्मचा असा कट्टा दाणेवाला नक्की घेतो.

मृण्मयी_न

दोन्ही रचनांचे नमुना रोल मागवते, दोन थर आणि तीन थर. तांब्याच्या तारेची चाचणी रोल आला की लगेच. लॅमिनेटर, पाकिटाच्या घडीपाशी, जिथं चार पदर एकावर एक येतात, तिथं जबडा ११५ अंशांना पुरेल का?

लॅमिनेटर

चार पदरांपाशी नाही पुरायचा. तिथं १२५ ते १३० लागेल आणि जबड्याचा दाब वाढवावा लागेल. शिवण पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. गळती निघाली तर ती बहुतेक तिथंच, दोन पदर आणि चार पदर भेटतात त्या टोकाला असेल.